आंतरराष्ट्रीय संबंध : सद्यःस्थिती व अभ्यास

सार्वभौम राज्यांचे परस्परांशी येणारे राजकीय, आर्थिक, लष्करी, कायदेविषयक व सांस्कृतिक संबंध, तसेच त्या संबंधांचा पद्धतशीर अभ्यास करणारी ज्ञानशाखा, अशा दोन्ही अर्थी ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ ही संज्ञा वापरली जाते. पूर्वी या अभ्यासाचा विषय मुख्यत्वे राज्ये, त्यांच्यातील तह आणि युद्धे एवढाच होता. आज आंतरराष्ट्रीय संघटना, बहुराष्ट्रीय कंपन्या, सशस्त्र गट, निर्वासितांचे लोंढे, हवामानबदल व संगणकीय जाळी या साऱ्यांचा त्यात अंतर्भाव होतो. तथापि या अभ्यासाच्या मुळाशी असलेला प्रश्न बदललेला नाही. राज्यांतर्गत व्यवहारात कायदा करणारी, तो लागू करणारी व त्याचा भंग करणाऱ्यास शासन करणारी एक अधिसत्ता असते. राज्याराज्यांच्या व्यवहारात तशी अधिसत्ता नसते. अशा अधिसत्तेच्या अभावी सुव्यवस्था कशी टिकते आणि ती कशामुळे मोडते, हा तो प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राज्यांच्या परस्परसंबंधांचे चिंतन प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ याने इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्स व स्पार्टा यांच्यातील युद्धाची मीमांसा करताना अथेन्सच्या वाढत्या सामर्थ्याने स्पार्टात निर्माण झालेले भय हे युद्धाचे खरे कारण म्हणून सांगितले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विजिगीषू राजाभोवती शत्रू, मित्र, मध्यम व उदासीन राजांचे मंडल कल्पिलेले असून संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव या सहा गुणांच्या द्वारे परराष्ट्रनीतीचे विवेचन केलेले आहे. मराठी राजनीतिपर वाङ्‌मयातही या दृष्टीचा प्रत्यय येतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावधगिरीचा इशारा आहे. हे इतर सावकारांसारखे केवळ सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्यकर्ते आहेत आणि व्यापाराच्या आडून त्यांना भूमी हवी आहे, असे तेथे प्रतिपादिले आहे. व्यापार व सत्ता यांची फारकत करता येत नाही, हे आधुनिक अर्थराजकीय अभ्यासाचे सूत्र त्यात बीजरूपाने आढळते.

आधुनिक राज्यव्यवस्थेचा प्रारंभ रूढ मताप्रमाणे १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहापासून मानला जातो. प्रादेशिक सार्वभौमत्वाची कल्पना या तहाने एकदम जन्मास आली, हे मत अनेक इतिहासकारांनी अलीकडे अमान्य केले असले, तरी त्यानंतरच्या दोन शतकांत ती युरोपात दृढमूल झाली, यात शंका नाही. ह्यूगो ग्रोशिअस (१५८३–१६४५) याने युद्ध व शांतता यांच्या कायद्यावर १६२५ मध्ये ग्रंथ लिहून आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घातला. नेपोलियनच्या पाडावानंतर भरलेल्या व्हिएन्ना परिषदेने (१८१४–१५) सत्तासमतोलाच्या तत्त्वावर युरोपची घडी बसविली. मात्र युरोपातील राज्ये परस्परांचे सार्वभौमत्व मान्य करीत असताना आशिया व आफ्रिकेतील जनसमूहांना त्यांनी ते नाकारले. आजच्या आंतरराष्ट्रीय संबंधांतील अनेक तंट्यांचे मूळ या दुहेरी व्यवहारात आहे.

ज्ञानशाखेचा उदय : स्वतंत्र विद्यापीठीय विषय म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या संहारातून झाला. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथील विद्यापीठ-महाविद्यालयात १९१९ मध्ये डेव्हिड डेव्हीझ यांच्या देणगीतून या विषयाचे पहिले अध्यासन निर्माण झाले व त्यास पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. अ‍ॅल्फ्रेड झिमर्न (१८७९–१९५७) हे तेथील पहिले प्राध्यापक. लंडन येथे १९२० मध्ये व न्यूयॉर्क येथे १९२१ मध्ये परराष्ट्रव्यवहारांच्या अभ्यासाच्या संस्था स्थापन झाल्या. युद्धाची कारणे समजली, तर युद्ध टाळता येईल, ही या सर्व प्रयत्नांमागील श्रद्धा होती. वैद्यकाचा जसा रोगनिवारणाशी, तसा या शास्त्राचा युद्धनिवारणाशी संबंध मानला जाई.

राष्ट्रसंघाच्या अपयशाने या श्रद्धेला तडा गेला. विल्सन अध्यासनावरच असलेले एडवर्ड हॅलेट कार (१८९२–१९८२) यांनी द ट्‌वेंटी यिअर्स क्रायसिस (१९३९) या ग्रंथात आदर्शवादावर प्रखर टीका केली. जे देश प्रस्थापित व्यवस्थेचे लाभार्थी असतात, ते आपले हितसंबंध साऱ्या मानवजातीचे हित म्हणून मांडतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्याचबरोबर केवळ सत्तेचा विचार करणारा वास्तववादही अपुरा असतो, हे सांगण्यास ते विसरले नाहीत.

प्रमुख विचारसरणी : दुसऱ्या महायुद्धानंतर या विषयाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. जर्मनीतून निर्वासित होऊन आलेले हॅन्स मॉर्गेंथाऊ (१९०४–८०) यांनी पॉलिटिक्स अमंग नेशन्स (१९४८) या ग्रंथात राष्ट्रहित म्हणजे सत्तेच्या परिभाषेत व्यक्त होणारे हित, असा सिद्धांत मांडून वास्तववादास शास्त्रीय स्वरूप दिले. केनेथ वॉल्ट्झ (१९२४–२०१३) यांनी थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स (१९७९) मध्ये मानवी स्वभावाऐवजी व्यवस्थेच्या रचनेवर भर दिला. अधिसत्तेच्या अभावी प्रत्येक राज्यास स्वसंरक्षणाची तजवीज स्वतःच करावी लागते. एकाने संरक्षणार्थ शस्त्रे वाढविली, की शेजाऱ्यास तो धोका वाटतो व तोही शस्त्रे वाढवितो. या कोंडीतून कोणाचीही इच्छा नसताना संघर्ष उद्भवू शकतो.

उदारमतवादी अभ्यासकांनी याचा प्रतिवाद केला. रॉबर्ट कोहेन व जोसेफ नाय (१९३७–२०२५) यांनी पॉवर अँड इंटरडिपेंडन्स (१९७७) या ग्रंथात व्यापार, दळणवळण व संस्था यांच्यामुळे राज्ये परस्परांवर अवलंबून राहतात आणि अशा परिस्थितीत लष्करी बळाची उपयुक्तता घटते, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी हेडली बुल (१९३२–८५) यांचा द अ‍ॅनार्किकल सोसायटी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अधिसत्ता नसली, तरी राज्यांचा एक समाज असतो व त्यास समान नियमांची जाणीव असते, हा ‘इंग्लिश संप्रदाया’चा विचार त्यात आहे. अलेक्झांडर वेंट यांनी १९९२ पासून मांडलेल्या संरचनावादाप्रमाणे अधिसत्तेचा अभाव हा स्वयमेव युद्धास वा शांततेस कारणीभूत होत नाही. राज्ये परस्परांस शत्रू मानतात, स्पर्धक की मित्र, यावर त्याचा परिणाम ठरतो.

या तिन्ही प्रवाहांबाहेरूनही महत्त्वाची टीका झाली. अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राउल प्रेबिश (१९०१–८६) यांनी कच्चा माल निर्यात करणारी राष्ट्रे औद्योगिक राष्ट्रांच्या तुलनेत सतत तोट्यात राहतात, असे दाखविले. या विचाराचे संस्थात्मक फलित म्हणजे १९६४ ची संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद होय. सिंथिया एन्लो व जे. अ‍ॅन टिक्नर यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी लष्करी तळ, परदेशी रोजगार व युद्ध यांतील स्त्रियांच्या स्थानाकडे लक्ष वेधून ‘सुरक्षितता कोणाची?’ असा प्रश्न उपस्थित केला.

ज्ञानशाखेच्या मर्यादा : कोणत्याही शास्त्राची कसोटी त्याच्या स्पष्टीकरणक्षमतेत असते. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली व डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याचे विसर्जन झाले. द्विध्रुवी व्यवस्था युद्धावाचून संपुष्टात येईल, याची पूर्वकल्पना कोणत्याही प्रमुख संप्रदायास आली नव्हती. अमेरिकन इतिहासकार जॉन लुई गॅडिस यांनी याबद्दल या विषयाच्या सिद्धांतकारांस जाब विचारला. शीतयुद्धाच्या अखेरीस फ्रान्सिस फुकुयामा यांनी उदारमतवादी लोकशाहीच्या अंतिम विजयाचे, तर सॅम्युएल हंटिंग्टन यांनी संस्कृतिसंघर्षाचे भाकीत केले. दोन्ही भाकिते गाजली. परंतु पुढील घटनाक्रम यांपैकी कोणत्याही एका साच्यात बसला नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. स्टॅन्ली हॉफमन यांनी १९७७ मध्येच या ज्ञानशाखेचे ‘अमेरिकन सामाजिक शास्त्र’ असे वर्णन केले होते. महासत्तेच्या राजधानीतून जे प्रश्न महत्त्वाचे दिसतात, तेच प्रश्न अभ्यासक्रमात महत्त्वाचे ठरले, असा त्याचा आशय आहे. शीतयुद्धकाळास ‘दीर्घ शांतता’ असे म्हटले गेले. मात्र कोरिया, व्हिएटनाम, अंगोला वा अफगाणिस्तान येथील लोकांच्या दृष्टीने तो शांततेचा काळ नव्हता. अमिताव आचार्य व बॅरी बुझान यांनी २००७ पासून बिगर-पाश्चात्त्य सिद्धांत का नाही, या प्रश्नाची चर्चा सुरू केली. आचार्य हे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यास संघटनेचे अध्यक्ष झाले व त्यांनी ‘जागतिक आंतरराष्ट्रीय संबंध’ या भूमिकेचा पुरस्कार केला.

दृष्टिकोन बदलला, की घटनेचा अर्थ कसा बदलतो, याचे गोवा हे बोलके उदाहरण आहे. भारताच्या सैन्याने डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात प्रवेश केला, तेव्हा सुरक्षा परिषदेत युद्धबंदी व सैन्यमाघारीची मागणी करणाऱ्या ठरावास सात मते अनुकूल व चार प्रतिकूल पडली आणि सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या मते हा संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील बळाच्या वापराविरुद्धच्या तरतुदीचा भंग होता. भारत व त्याच्या बाजूने मत देणारे श्रीलंका, लायबीरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांच्या मते वसाहत हेच मूळ आक्रमण होते व ते संपविणे म्हणजे नवे आक्रमण नव्हे. सनद तीच, घटना तीच. परंतु तिच्याकडे पाहणाऱ्यांचा इतिहास भिन्न होता. कायदा निरर्थक असतो, असा निष्कर्ष यावरून निघत नाही. दोन्ही पक्षांना आपली बाजू कायद्याच्याच भाषेत मांडावी लागली, हे लक्षणीय आहे.

सद्यःस्थिती : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २ (४) नुसार दुसऱ्या राज्याच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध आहे. गेल्या पंचवीस वर्षांत या नियमाची मोठी पीछेहाट झाली. सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती नसताना अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी २००३ मध्ये इराकवर आक्रमण केले. रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया आपल्या राज्यास जोडला आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रांचा त्याग केल्याच्या मोबदल्यात १९९४ च्या बूडापेस्ट निवेदनाद्वारे रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले होते. हे आश्वासन निष्फळ ठरल्यामुळे अण्वस्त्रे बाळगणे हाच सुरक्षिततेचा मार्ग होय, असा बोध इतर राष्ट्रे घेतील, अशी भीती व्यक्त झाली. आमसभेने २ मार्च २०२२ रोजी १४१ विरुद्ध ५ मतांनी आक्रमणाचा निषेध केला. भारत व चीन यांसह ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली. युद्धाच्या परिणामी फिनलंड (२०२३) व स्वीडन (२०२४) ही दीर्घकाळ तटस्थ असलेली राष्ट्रे उत्तर अटलांटिक करार संघटनेत सामील झाली.

पश्चिम आशियात ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इझ्राएलवर केलेल्या हल्ल्यानंतर गाझात प्रचंड मनुष्यहानी झाली. दक्षिण आफ्रिकेने वंशसंहारप्रतिबंधक कराराच्या आधारे इझ्राएलविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला व न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ रोजी अंतरिम आदेश दिले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाचे राष्ट्राध्यक्ष (मार्च २०२३) व इझ्राएलचे पंतप्रधान (नोव्हेंबर २०२४) यांच्याविरुद्ध अटकेचे हुकूम काढले. कायद्याची भाषा इतक्या वरच्या पातळीपर्यंत पूर्वी क्वचितच पोहोचली होती आणि तिच्या अंमलबजावणीची दुर्बलताही इतकी उघड क्वचितच झाली होती. एका राष्ट्राच्या कृत्याचा निषेध करणाऱ्यांनी दुसऱ्याच्या तशाच कृत्याकडे डोळेझाक केल्याने नियमांच्या विश्वासार्हतेस अधिक हानी पोहोचली, असे आशिया-आफ्रिकेतील अनेक भाष्यकारांचे मत आहे.

अप्सालाच्या विद्यापीठातील संघर्षविषयक माहितीसंग्रहानुसार राज्यांचा सहभाग असलेले ६१ सशस्त्र संघर्ष २०२४ मध्ये चालू होते. १९४६ पासूनची ही सर्वाधिक वार्षिक संख्या होय. स्टॉकहोम येथील शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षीचा जगाचा लष्करी खर्च सु. २,७१८ अब्ज डॉलर होता. बळाने विस्थापित झालेल्यांची संख्या २०२४ च्या अखेरीस सु. १२.३ कोटी असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांनी नमूद केले आहे.

अण्वस्त्रनियंत्रणाची चौकटही खिळखिळी झाली आहे. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील १९८७ चा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला. अमेरिका व रशिया यांच्या दीर्घ पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या २०१० च्या करारातील आपला सहभाग रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला व त्याची वाढीव मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. जगातील अण्वस्त्रांची संख्या १९८० च्या दशकातील उच्चांकापेक्षा बरीच कमी असली, तरी जानेवारी २०२५ मध्ये ती बारा हजारांहून अधिक होती.

आर्थिक क्षेत्रात परस्परावलंबनामुळे शांतता नांदेल, हे गृहीतक मोठ्या प्रमाणात पुनर्विचारास पात्र ठरले आहे. हेन्री फॅरेल व अब्राहम न्यूमन यांनी २०१९ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे ज्या जाळ्यांनी जग जोडले गेले, त्यांच्या मध्यवर्ती गाठी ज्यांच्या हाती आहेत, त्यांना ती शस्त्रासारखी वापरता येतात. पाश्चात्त्य राष्ट्रांनी २०२२ मध्ये रशियाची सु. ३०० अब्ज डॉलरची राखीव गंगाजळी गोठविली. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनला प्रगत संगणकीय चकत्या विकण्यावर कडक निर्बंध घातले. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा-धातूंच्या निर्यातीवर नियंत्रणे लादली. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ, नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्यामुळे, डिसेंबर २०१९ पासून निष्क्रिय झाले; आणि २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक सर्व राष्ट्रांच्या मालावर वाढीव आयातकर लादून युद्धोत्तर व्यापारव्यवस्थेचा पायाच नाकारला. जी व्यवस्था अमेरिकेने स्वतः उभारली, तिच्यापासून तीच दूर जात आहे, ही घटना अभूतपूर्व होय.

संस्थात्मक रचना व वास्तव सत्ता यांतील अंतरही वाढत आहे. संयुक्त राष्ट्रांची सदस्यसंख्या ५१ वरून १९३ झाली. सुरक्षा परिषदेच्या सदस्यसंख्येत मात्र १९६५ नंतर वाढ झालेली नाही आणि आफ्रिका वा लॅटिन अमेरिका यांना स्थायी स्थान नाही. यामुळे पर्यायी व्यासपीठांचे महत्त्व वाढले. २००९ मध्ये पहिली शिखर परिषद भरविणाऱ्या ब्रिक्स गटात २०२४ व २०२५ मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती व इंडोनेशिया ही राष्ट्रे आली. नवी दिल्ली येथील सप्टेंबर २०२३ च्या परिषदेत आफ्रिकी संघास जी-२० चे सदस्यत्व मिळाले.

तथापि लहान राष्ट्रे सर्वस्वी हतबल आहेत, असे नव्हे. पॅसिफिकमधील व्हानूआतू या सु. तीन लाख लोकवस्तीच्या द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने आमसभेने हवामानबदलाबाबत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सल्ला मागविला. हवामानाचे रक्षण करणे हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने सांगितले. असे मत बंधनकारक नसते; परंतु समुद्रात बुडू पाहणाऱ्या बेटांजवळ कायद्याखेरीज दुसरे शस्त्र नाही.

भारतातील अभ्यास : भारतीय विश्वकार्य परिषदेची (इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स) स्थापना १९४३ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच झाली व तिने १९४७ मध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरविली. परिषदेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र विद्यासंस्था स्थापन झाली. ए. अप्पादोराय हे तिचे पहिले संचालक होत. ही संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. संरक्षणविषयक अभ्यासाची संस्था १९६५ मध्ये निघाली. अलिप्ततावाद, अण्वस्त्रधोरण व शेजारी राष्ट्रे यांवर या संस्थांतून मोलाचे लेखन झाले.

असे असले, तरी विद्यापीठांत हा विषय अद्यापि बहुधा राज्यशास्त्राची एक शाखा म्हणून शिकविला जातो आणि धोरणावरील भाष्यास सिद्धांतापेक्षा अधिक महत्त्व मिळते. शेजारी देशांच्या भाषांकडे झालेले दुर्लक्ष ही विशेष गंभीर उणीव होय. चीनबरोबरच्या सीमेवर जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिकांना वीरमरण आले. पहलगाम येथील एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला व मे महिन्यात भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस लष्करी संघर्ष झाला. अशा परिस्थितीत चिनी, तिबेटी, ब्रह्मी, सिंहली वा पुश्तू या भाषांतील मूळ साधने वाचणारे अभ्यासक थोडे असणे, म्हणजे शेजाऱ्याचे मन तिसऱ्याच्या तोंडून ऐकणे होय.

मूल्यमापन : युद्ध नाहीसे करण्याच्या आकांक्षेने जन्मास आलेल्या या ज्ञानशाखेने ती आकांक्षा पूर्ण केलेली नाही आणि भाकितांच्या बाबतीतही तिचे यश माफकच आहे. परंतु एका राष्ट्राचे संरक्षण दुसऱ्यास आक्रमण का भासते, व्यापाराचा दुवा केव्हा फास होतो, शस्त्रनियंत्रण कोणत्या परिस्थितीत टिकते, हे तिने निश्चितपणे उलगडून दाखविले आहे. नियम पाळले जात नाहीत म्हणून ते नाहीतच, असे मानणे जितके चुकीचे, तितकेच ते आपोआप पाळले जातील, असे मानणेही चुकीचे. बलाढ्य राष्ट्रांना नियमांवाचून काही काळ निभावून नेता येते. दुर्बलांना ते शक्य नसते. म्हणूनच नियम दुबळे होत असताना त्यांचा अभ्यास टाकून न देता, तो कोणाच्या दृष्टीने व कोणाच्या हितासाठी केला जात आहे, हे तपासून पुढे नेणे हे या विषयापुढील आजचे कर्तव्य ठरते.